चिंचेची गाठ आतून कोरताना कीस थांबून नुसती धूळ येते तेव्हा

अडचण साधारण अशी असते. चिंचेच्या गाठीचा, म्हणजे बर्लचा, चांगला तुकडा हाती लागतो. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, बाहेरून गडूचा आकार सुरेख येतो. मग अरुंद तोंडातून हत्यार आत घालून पोकळ करायला घ्यायचं. पहिले दीड-दोन इंच बरे जातात आणि तिथून पुढे कीस थांबतो. तोंडातून तपकिरी भुकटी उडायला लागते, हत्यार थरथरतं, आवाज चिरका होतो. लेथ थांबवून धार लावली की मिनिटभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. हे असंच रेटत राहिलं की पोटाजवळ केसासारखा तडा दिसतो, नाहीतर एकदम दणका बसून तोंडाची कड उडून जाते.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: चिंच आहे, ती अशीच. चिंच कठीण आहे, वादच नाही. खाटकाच्या ओंडक्यापासून तेलाच्या घाण्यापर्यंत तिचा वापर झाला तो याच चिवटपणामुळे. पण कठीण लाकूड आणि धुळीचं लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कठीण लाकडातूनही धारदार हत्यार कीसच काढतं, फक्त तो आखूड असतो. धूळ यायला लागली याचा अर्थ कापणं थांबलं आणि घासणं सुरू झालं. घासण्यातून उष्णता येते आणि उष्णतेतून तडा. त्यामुळे धूळ दिसली की ती का येते हे शोधायचं, जोर वाढवायचा नाही. माझं ठाम मत आहे की या कामात वाया जाणाऱ्या बहुतेक गाठी जोर लावल्यामुळे वाया जातात.

कीस आणि धूळ यांतला फरक डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतो. लेथ थांबवा, तोंडाशी साचलेलं चिमूटभर घ्या आणि अंगठा-तर्जनीत चोळा. कण रवाळ लागले, चोळूनही त्यांची पापुद्र्यासारखी कड जाणवली, तर हत्यार कापतंय. बोटांच्या रेषांत पिठासारखं बसलं आणि झटकूनही निघालं नाही, तर हत्यार घासतंय. गाठीच्या लाकडातून लांब वळणदार कीस येणारच नाही, त्याची वाट बघू नका. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांचं मऊ पांढरं लाकूड तसा कीस सोडतं, कारण त्याचे तंतू एका दिशेने सरळ जातात. गाठीत असंख्य सुप्त डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दाटीने असतात आणि प्रत्येक डोळ्याभोवती तंतू भोवऱ्यासारखे वळतात. एका फेऱ्यात धारेखाली उभे तंतू येतात, आडवे येतात, मधेच डोळ्याचा कठीण ठिपका येतो. त्यामुळे ‘तंतूंच्या दिशेने कापा’ हा नेहमीचा सल्ला इथे लागू पडत नाही. योग्य दिशाच नसते. आपल्या हातात राहतात त्या चारच गोष्टी: लाकडाचा ओलावा, धार, आत साचलेला भुसा आणि हत्यार किती बाहेर काढलंय ते.

पण त्याआधी श्वासाबद्दल. हे शेवटी लिहिलं की कुणी वाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. धोका आहे तो मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगाचा. शिवाय दमा, शिंका, त्वचेवर पुरळ हे आहेच. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. न दिसणारी तासन् तास हवेत तरंगते आणि तीच छातीत खोल जाते. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ मास्क हवा, तो नाकाशी नीट दाबून बसवलेला हवा. दाट दाढी असेल तर तो कडेने हवा सोडतो, मग पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारं हेल्मेट बघावं लागतं. टेबल फॅन तुमच्या पाठीमागून दाराकडे वारा जाईल असा ठेवा. समोरून वारा घेतला तर सगळी धूळ तुमच्याच नाकात. आणि काम संपलं म्हणून लगेच मास्क काढू नका. झाडलोट मास्क लावूनच करायची, शक्यतो झाडूने न करता व्हॅक्यूमने.

ओलं असतानाच अर्धं काम उरका

धुळीवरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वाळलेली गाठ आतून कोरायची वेळच न येऊ देणं. बरंचसं लाकूड ती ओली असताना काढून टाकायचं. ओल्या चिंचेतून हत्यार सुखाने जातं, भुसा दमट असल्यामुळे उडत नाही आणि धार कितीतरी जास्त टिकते. भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवायची. आठ इंची भांड्याला पाऊण-एक इंच, म्हणजे सहा ते आठ सूत. मग बाहेरून मेण चोळून किंवा जाड कागदात गुंडाळून वाळायला ठेवायचं आणि वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात द्यायचा.

वाळवण्याचं वेळापत्रक आपल्या हवेशी बांधलेलं आहे. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातला ओलावा १८ टक्क्यांजवळ थांबतो. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तो ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये ‘वाळलंय’ असं वाटलेलं भांडं ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आकसतं, आणि तडे जातात ते याच दिवसांत. म्हणून पावसाळा संपता संपता कच्चं कातलेलं भांडं उघड्यावर ठेवू नका. कागदी पिशवीत घाला, पिशवीत त्याच झाडाचा थोडा भुसा टाका आणि आठवड्यातून एकदा पिशवी बदला, नाहीतर बुरशी धरते. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे उत्तम काम देतो. भांड्याच्या बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहीत जा. लागोपाठच्या दोन-तीन नोंदींत वजन हललं नाही की ते वाळलं.

गाठ तुमच्याकडे आली तेव्हाच ठणठणीत वाळलेली असेल तर हा रस्ता बंद. मग पुढचं सगळं जास्त काटेकोरपणे पाळावं लागतं.

धार लगेच जाते, तेव्हा आधी गाठ तपासा

धार लावल्यावर मिनिटभरातच जात असेल तर कारण बहुतेक वेळा लाकडात नसून लाकडात शिरलेल्या वस्तूत असतं. आपल्याकडच्या चिंचा रस्त्याकडेच्या. त्यांच्या खोडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, तारा, कुंपणाचे यू-खिळे असतात आणि झाड वाढताना ते सालीखाली गिळून टाकतं. कापण्याआधी चांगला तगडा लोहचुंबक सगळीकडून फिरवा. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असंच समजा, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग देतं. बुंध्याजवळच्या किंवा मुळाच्या गाठीत माती आणि वाळू सालीच्या खिशांतून, म्हणजे लाकडात दबून राहिलेल्या सालीच्या फटींतून, आत शिरलेली असते. तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून ती आधी काढावी लागते. तेवढं केलं तरी धारेचं आयुष्य वाढलेलं लगेच जाणवतं.

बाकी धारेबद्दल थोडक्यात. आतून कोरायला हत्याराच्या टोकाला लावतो तो एचएसएसचा, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, छोटा तुकडा स्क्रेपरसारखा, म्हणजे खरवडणाऱ्या हत्यारासारखा, काम करतो. त्याच्या कडेवर ग्राइंडरने चढवलेला जो सूक्ष्म काठ असतो तोच कापतो, आणि चिंचेत तो फार लवकर झिजतो. तेव्हा ग्राइंडरवर वारंवार जाण्यापेक्षा डायमंडची छोटी पट्टी खिशात ठेवा आणि लेथ थांबेल तेव्हा दोन-चार हात मारा. कार्बाइडचा गोल तुकडा जास्त टिकतो हे खरं, पण तो बोथट झाला तरी हळूहळू होतो, कळत नाही, आणि आपण घासतच राहतो. कार्बाइड वापरत असाल तर तो थोडा थोडा फिरवत राहायची सवय लावा.

आतला भुसा: खरा चोर

आता ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते. तोंड सव्वा-दीड इंचाचं, पोट सहा इंचाचं. आत जे कापलं जातं ते बाहेर यायला वाटच नाही. फिरतं भांडं सगळा भुसा बाहेरच्या दिशेला फेकतं, म्हणजे पोटाच्या सगळ्यात रुंद भागावर, आणि तिथे तो भिंतीला लिंपल्यासारखा घट्ट बसतो. पुढच्या वेळी हत्यार तिथे जातं तेव्हा आधी या थराला लागतं. धार त्यात घासली जाते, थर तापतो, हाताला भिंत जाणवतच नाही. अचानक थराचा एक तुकडा सुटतो, हत्यार रिकाम्या जागेत घुसून खऱ्या लाकडावर आदळतं. दणका बसतो तो इथे. लोकांना वाटतं गाठीतला कठीण डोळा लागला. कित्येकदा तो त्यांच्याच भुशाचा ढेपूळ असतो.

याचा दुसरा तोटा मापाचा. भिंतीची जाडी कॅलिपरने मोजताना मधला भुशाचा थर धरून माप येतं. चार सूत आहे म्हणून आणखी कापायला जावं आणि खरी भिंत दोनच सूत निघावी, यात भांडं आरपार जातं.

उपाय कंटाळवाणा आहे पण त्याला पर्याय नाही. मिनिटा-दीड मिनिटाने लेथ थांबवा आणि आतलं साफ करा. कंप्रेसरची हवा मारली तर सगळं तुमच्या तोंडावर येतं आणि खोलीभर तरंगतं, म्हणून मी ती वापरू नका असंच सांगेन. व्हॅक्यूम क्लीनरच्या होजला टेप गुंडाळून वायरिंगच्या पाइपचा, तोंडातून जाईल असा बारीक तुकडा जोडा. त्याचं टोक तिरपं कापा, म्हणजे भिंतीला चिकटून बसणार नाही. थर घट्ट असेल तर आधी लाकडी काडीने खरवडा, मग ओढून घ्या. साफ झाल्यावर वाकवलेली तार आत घालून पोटाची भिंत चाचपा. हाताला गुळगुळीत लागलं तर अजून थर आहे. खरी भिंत किंचित खरखरीत लागते, हत्याराच्या बारीक वळ्या जाणवतात.

थरथर: गणित हत्याराच्या बाजूला

साफ करूनही आवाज चिरका राहिला तर टूल रेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या लोखंडी आधारापासून, हत्याराचं टोक किती पुढे गेलंय ते मोजा. एका बाजूला धरलेल्या लोखंडी दांड्याचं वाकणं त्याच्या बाहेर निघालेल्या लांबीच्या घनात वाढतं. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. चार इंचांवरून सहा इंचांवर गेलात तर सव्वातीन पटींपेक्षा जास्त. म्हणूनच पहिले दोन इंच छान जातात आणि मग सगळं बिघडतं. धार तीच असते, फक्त दांडा लवायला लागलेला असतो. दुसऱ्या बाजूने हेच गणित आपल्या मदतीला येतं, कारण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १६ मिलिमीटरचा दांडा घेतला की तो तिपटीहून जास्त ताठ होतो. चिंचेसारख्या लाकडात १२चा दांडा चार इंचांपलीकडे नेऊ नये, १६चा सहा-सातपर्यंत, आणि त्यापुढे २०चाच घ्यावा. दांडा जाड झाला की तोंडही थोडं मोठं लागतं. ते करायला मागेपुढे पाहू नका.

वाकड्या टोकाचं हत्यार असेल तर त्याचा सरळ भागच टूल रेस्टवर टेकला पाहिजे. वळणाचा भाग रेस्टवर आला की टोक हातात पिळवटतं आणि ते मनगटाने थांबत नाही.

टोकाची उंची ही दुसरी जागा. भांडं ज्या आसाभोवती फिरतं त्या मध्यरेषेच्या किंचित वर आत टोक ठेवायचं. जोर आला की दांडा खाली लवतो. टोक मध्यरेषेच्या वर असेल तर लवताना ते भिंतीपासून सुटतं. खाली असेल तर लवताना भिंतीत आणखी रुततं, रुतलं की आणखी लवतं, आणि एका क्षणात दणका. बाहेरून स्क्रेपर चालवताना याच्या उलट असतं, त्यामुळे हाताला बाहेरची सवय झालेल्यांचा इथे घोळ होतो. लेथ बंद ठेवून, टोक भिंतीला टेकवून, दुसऱ्या हाताने भांडं फिरवून बघा, उंची लगेच समजते.

भांडं स्वतः हलतंय का हेही बघायला हवं. लेथ बंद करून तोंडाची कड अंगठ्याने बाजूला दाबा. चकच्या, म्हणजे भांडं पकडून धरणाऱ्या भागाच्या, जबड्यापाशी जराशी जरी हालचाल दिसली तर धरण्याची खुंटी सालीच्या खिशात किंवा पांढऱ्या मऊ लाकडात आली आहे. बाहेरचं पांढरं लाकूड किडा लवकर पोखरतो आणि ते दाबाखाली चेपतं. खुंटी गाभ्यात घ्या, तिचा खांदा जबड्यांच्या माथ्यावर सपाट टेकू द्या. मोठ्या गाठीला चकपेक्षा फेसप्लेट, म्हणजे स्क्रूने लाकडाला बसवायची लोखंडी चकती, बरी. तिला जाड लाकडी स्क्रू वापरा. ड्रायवॉलचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, त्यांची मुंडी तुटते.

वेगाचा एक जुना ठोकताळा आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे सहा ते नऊ हजारांच्या मधे ठेवायचे. सहा इंची भांड्याला ते हजार ते दीड हजार फेरे होतात. गाठीत खिसे आणि भेगा असतात म्हणून मी खालच्या आकड्याच्याही खाली, सातशे-आठशेवर राहायला सांगेन. चेहऱ्यावर फेस शील्ड, आणि लेथ सुरू करताना भांड्याच्या समोरच्या रेषेत उभं राहायचं नाही.

कोरण्याचा क्रम

आधी मधोमध ड्रिलने भोक पाडून खोली पक्की करा आणि बुडाला अर्धा इंच राखा. मग तोंडाकडून खाली जा, टप्प्याटप्प्याने. वरचा दीड इंच अगदी अंतिम जाडीला आणायचा, तोवर खालचं लाकूड भरीव ठेवायचं, कारण तेच वरच्या भिंतीला आधार देतं. तो टप्पा झाला की पुढचा, आणि वर परत जायचं नाही. सगळीकडून थोडं थोडं पातळ करत गेलं की भिंत घंटेसारखी वाजायला लागते आणि मग कोणतीही धार तिला शांत करू शकत नाही. अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७०च्या दशकापासून वाकड्या हत्यारांनी अरुंद तोंडाची पातळ भांडी कातून ही पद्धत जगभर नेली. आत काहीच दिसत नसताना कान आणि हात यांवर काम चालतं, हा त्या कामाचा पाया आहे. आवाज खोल आणि सलग असला तर भिंत जाड आहे आणि धार चालते आहे. आवाज उंच चढत गेला तर भिंत पातळ होते आहे. आवाज तुटक झाला तर थांबा. तिथे भेग आहे, भुसा आहे किंवा चकमध्ये काही सैल झालंय.

भेग सापडली तर तिथेच पातळ सुपर ग्लू सोडा. त्याआधी आजूबाजूला चपडा लाखेचं पातळ पॉलिश लावून घ्या, नाहीतर ग्लूचा डाग लाकडात उतरतो आणि शेवटपर्यंत दिसतो. ग्लूच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, तोंड लांब ठेवा. सालीचे खिसेही असेच बांधून घ्यायचे. पॉलिश पेपर मारताना भांडं हाताला गरम लागलं की थांबायचं. घट्ट लाकडात बारीक तडे कोरताना जातात तितकेच इथेही जातात. शेवटचं पॉलिश चढवण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने पुसा. रंध्रांत राहिलेली धूळ पॉलिशखाली राखाडी दिसते आणि चिंचेच्या गाभ्याचा तो जांभळट-तपकिरी रंग, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, मळका वाटतो.

हे सगळं करूनही धूळ आणि थरथर थांबत नसेल तर तोंड मोठं करा. दीडचं अडीच इंच केलं की जाड दांडा आत जातो, व्हॅक्यूमचा पाइप मोकळा फिरतो, आतली भिंत दिसायला लागते. तोंड अरुंदच हवं असेल तर भांडं खांद्यापाशी पातळ पार्टिंगने, म्हणजे लाकूड कापून वेगळं करायच्या हत्याराने, कापून दोन भाग करा, दोन्ही मोकळ्या तोंडाने कोरा आणि इपॉक्सीने जोडा. जोडावर एक बारीक खाच कातून ती काळी केली की ती नक्षीची रेघ वाटते. जोडताना दोन्ही भागांवर पेन्सिलीची खूण जुळवून घ्यायला मात्र विसरू नका, म्हणजे गाठीतली वळणं एका भागातून दुसऱ्यात सलग जातील.